वाचकांचे प्रश्न : खोटे बोलणे ओळखता येते का?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच विषयावरची आहेत. समोरचा माणूस खरे बोलतो आहे की खोटे, हे ओळखण्याचे काही शास्त्र आहे का, असे वाचकांनी वेगवेगळ्या निमित्ताने विचारले आहे. त्यांतील निवडक प्रश्न संक्षेपाने दिले असून, लिहिणाऱ्यांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : मी बरीच वर्षे नोकरभरतीच्या मुलाखती घेतो. खोटे बोलणारा उमेदवार नजर चुकवतो, नाकाला हात लावतो, पाय हलवतो, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवले होते. एका बाजूला वर पाहिले तर तो आठवून सांगतो आणि दुसऱ्या बाजूला वर पाहिले तर रचून सांगतो, असेही सांगितले होते. यात कितपत तथ्य आहे?

स्पष्टच सांगायचे तर फारसे नाही. आणि ज्याच्या हातात दुसऱ्याची नोकरी असते त्याने हे नीट समजून घेणे आवश्यक आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या अमेरिकी संशोधकांनी २००६ साली या विषयावर तोवर झालेले प्रयोग एकत्र करून त्यांचा हिशेब मांडला. चोवीस हजारांहून अधिक लोकांनी या प्रयोगांत दुसऱ्यांची विधाने ऐकून किंवा पाहून ती खरी की खोटी याचा निर्णय दिला होता. त्यांचे निर्णय सरासरीने १०० पैकी ५४ वेळा बरोबर ठरले. नाणे उडवून निर्णय दिला असता तर ते ५० वेळा बरोबर आले असते. बारकाईने पाहिले तर खऱ्या विधानांपैकी ६१ टक्के विधाने लोकांनी खरी म्हणून ओळखली, परंतु खोट्या विधानांपैकी जेमतेम ४७ टक्केच पकडली. याचे कारण असे की ऐकणाऱ्याचा कल मुळात विश्वास ठेवण्याकडे असतो. तसा तो नसता तर माणसांचे रोजचे व्यवहारच चालले नसते. त्यामुळे हा काही दोष मानण्याचे कारण नाही. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला दुसरा निष्कर्ष आपल्यासाठी अधिक महत्त्वाचा आहे. पोलीस, न्यायाधीश, मानसोपचारतज्ज्ञ अशा अनुभवी मंडळींचे निर्णय सामान्य माणसांपेक्षा उल्लेखनीय प्रमाणात सरस नव्हते.

नजर चुकवणे ही खुणांतील सर्वांत लोकप्रिय खूण आहे. जगातील ५८ देशांत लोकांना विचारण्यात आले की खोटे बोलणारा माणूस कसा ओळखावा, तेव्हा जवळजवळ दोनतृतीयांश लोकांनी हेच उत्तर दिले. परंतु डीपॉलो आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये १५८ वेगवेगळ्या खुणा तपासल्या तेव्हा नजर आणि खोटेपणा यांचा म्हणावा असा संबंध आढळला नाही. बहुतेक खुणांचे तसेच झाले, आणि ज्या थोड्या टिकल्या त्याही अतिशय क्षीण होत्या. विचार केला तर यात आश्चर्य नाही. नजर चुकवली की पकडले जातो हे खोटे बोलणाऱ्यालाही माहीत असते, म्हणून तो आपल्या डोळ्यांत डोळे घालून बोलतो. उलट, जुनी गोष्ट खरोखरच आठवू पाहणारा माणूस छताकडे, खिडकीबाहेर किंवा जमिनीकडे पाहतो, कारण समोरच्या चेहऱ्याकडे पाहत असताना मन एकाग्र करणे कठीण जाते. लाजाळू, धाकात वाढलेला किंवा प्रथमच मुलाखतीला आलेला उमेदवारही हेच करतो. या खुणेवर भिस्त ठेवली तर निर्ढावलेला थापाड्या निवडला जाईल आणि सरळमार्गी माणूस घरी परत जाईल.

डोळ्यांच्या दिशेविषयीचा दावा २०१२ साली रिचर्ड वाइजमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगांती तपासला. त्याला कोणताही आधार सापडला नाही. निमिषार्धात चेहऱ्यावर उमटून जाणाऱ्या सूक्ष्म भावांविषयीही आपण ऐकले असेल. पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञांमुळे ही कल्पना जगभर पोहोचली. असे भाव असतात हे खरे आहे, पण स्टीफन पोर्टर आणि लीन टेन ब्रिंके यांनी २००८ मध्ये सुमारे ७०० भावमुद्रांचे चित्रीकरण संथ गतीने तपासले तेव्हा असे भाव केवळ दोन टक्के मुद्रांत आढळले, तेही अर्धवट, आणि मनापासूनच्या भावना दाखवणाऱ्यांच्या चेहऱ्यावरही ते उमटले होते. अमेरिकेच्या विमानतळांवर प्रवाशांचे हावभाव पाहून संशयित हेरण्याची एक योजना २००७ पासून राबवण्यात आली आणि तिच्यावर सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले. २०१३ साली त्या देशाच्याच सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने अहवाल दिला की तिच्यामागे पुरेसा शास्त्रीय पुरावा नाही आणि तिचा निधी मर्यादित करावा.

मग प्रत्यक्ष आयुष्यात खोटे उघडकीस येते तरी कसे? २००२ मधील एका पाहणीत विद्यार्थ्यांना त्यांनी अलीकडे पकडलेले एखादे खोटे आठवून ते कसे कळले हे सांगण्यास सांगितले होते. बहुतेकांना ते तिसऱ्या माणसाकडून, एखाद्या कागदावरून किंवा वस्तूवरून, अथवा त्या व्यक्तीने नंतर स्वतःच कबूल केल्यामुळे कळले होते, आणि तेही बहुधा काही दिवसांनी. बोलणाऱ्याच्या हावभावांवरून त्याच वेळी खोटे ओळखल्याची उदाहरणे दोन टक्क्यांच्या आसपास निघाली. म्हणून आपल्याला माझी आग्रहाची विनंती आहे की उमेदवाराच्या नाकावरील हातापेक्षा त्याच्या पूर्वीच्या कामाची माहिती तपासण्यावर वेळ खर्च करावा.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावावर कामाच्या ठिकाणी पैसे उचलल्याचा आळ आला. चौकशीत तो घामाघूम झाला, त-त-प-प करू लागला, आणि "चोराच्या मनात चांदणे" असे म्हणून सगळ्यांनी त्याला दोषी धरले. पुढे हिशेबातील चूक सापडली आणि तो निर्दोष ठरला, पण अजून तो सावरलेला नाही. निर्दोष माणसाचे असे का व्हावे?

आपले पत्र वाचून फार वाईट वाटले. आपल्या भावाला कृपया एवढे सांगा की त्याच्या शरीराने जे केले ते संपूर्णपणे स्वाभाविक होते.

"कर नाही त्याला डर कशाला" असे आपण सहज म्हणून जातो, पण हे वचन चौकशीच्या खोलीत खरे ठरत नाही. घाम, कोरडा पडलेला घसा, अडखळणारी जीभ ही भीतीची लक्षणे आहेत. भीती पकडले जाण्याची असू शकते, तशीच आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही याचीही असू शकते, आणि शरीराला या दोहोंत फरक करता येत नाही. नोकरी, अब्रू आणि घर पणाला लागलेल्या निर्दोष माणसाला अट्टल गुन्हेगारापेक्षा जास्त घाम फुटला तर त्यात नवल ते काय?

यापुढची गोष्ट अधिक गंभीर आहे. सॉल कॅसिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली केलेल्या एका प्रयोगात काही प्रश्नकर्त्यांच्या मनात आधीच असे भरवले होते की समोरचा माणूस बहुधा दोषीच आहे. अशा प्रश्नकर्त्यांनी अधिक टोचणारे प्रश्न विचारले, अधिक दबाव आणला, आणि सर्वांत जास्त दबाव नेमका निर्दोषांवर आला, कारण ते कबूलच होत नव्हते. त्या दबावाखाली ते बचावात्मक बोलू लागले. नंतर ज्या तटस्थ लोकांनी केवळ ध्वनिमुद्रण ऐकले त्यांनाही ते संशयास्पद वाटले. म्हणजे संशयाने वागणूक घडवली आणि मग त्याच वागणुकीला पुरावा मानले गेले. कॅसिन यांच्याच १९९९ मधील दुसऱ्या एका अभ्यासात, देहबोलीवरून खोटे ओळखण्याचे पोलिसी प्रशिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्यांचे निर्णय प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा अधिक चुकले, आणि तरीही त्यांना स्वतःच्या निर्णयाविषयी अधिक खात्री होती. आपल्या भावाची चौकशी करणाऱ्यांना जी खात्री वाटली ती अशीच असणार.

शक्य असल्यास संस्थेकडून निर्दोषत्वाचे लेखी पत्र मागून घ्यावे. असे आळ तोंडी पसरतात, पण ते तोंडी पुसले जात नाहीत. झोप, भूक आणि माणसांत मिसळणे पूर्ववत झाले नसेल तर समुपदेशकाची मदत अवश्य घ्यावी.

प्रश्न : मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. पॉलिग्राफ, म्हणजे खोटे पकडणारे म्हणून ओळखले जाणारे यंत्र, नेमके काय मोजते आणि त्याच्या निष्कर्षावर न्यायालये का विसंबत नाहीत?

पॉलिग्राफ चाचणीत छाती आणि पोट यांभोवती नळ्या बांधून श्वासाची गती मोजतात, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब आणि नाडी यांचा आलेख काढतात, आणि बोटांना लावलेल्या विद्युतपट्ट्यांवरून त्वचेवरील घामामुळे तिची विद्युतवाहकता किती बदलते ते पाहतात. विल्यम मार्स्टन यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात रक्तदाबावरून खोटे ओळखण्याचा प्रयोग केला होता, आणि जॉन लार्सन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे अनेक मोजमापे एकाच वेळी नोंदवणारे यंत्र पोलिसांसाठी तयार केले. ही मोजमापे अचूक असतात, त्यांविषयी वाद नाही. थर्मामीटर ताप किती आहे हे बिनचूक सांगतो, तो कशाचा आहे हे सांगत नाही, तसेच येथेही आहे. खोटे बोलताना, आणि केवळ खोटे बोलतानाच, शरीरात घडेल असा कोणताही बदल आजवर सापडलेला नाही.

यावर उपाय म्हणून परीक्षक दोन प्रकारचे प्रश्न विचारतात. एक गुन्ह्याविषयीचा थेट प्रश्न असतो, "ते पैसे आपण घेतले का?" असा. दुसरा तुलनेसाठी असतो, "आपल्यावर विश्वास टाकणाऱ्या कोणाला आपण आजवर कधी फसवले आहे का?" असा. दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण "नाही" म्हणतात आणि मनातून अस्वस्थ होतात. दोषी माणसाला पहिल्या प्रश्नाची धास्ती अधिक वाटेल आणि निर्दोष माणसाला दुसऱ्याची, असे गृहीत धरलेले असते. गडबड येथेच होते, कारण कोणत्या प्रश्नाच्या उत्तरावर आपली सुटका अवलंबून आहे हे निर्दोष माणसालाही पुरते कळते आणि त्याच प्रश्नाला त्याच्या छातीत धडधड वाढते. उलट, तुलनेच्या प्रश्नाच्या वेळी जीभ चावणे, पायाचा अंगठा दाबणे किंवा मनात अवघड आकडेमोड करणे अशा युक्त्यांनी सराईत माणूस आलेख बिघडवू शकतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ साली यावर मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील एक हिशेब कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने डोळ्यांखालून घालावा असा आहे. समजा, १०,००० कर्मचाऱ्यांमध्ये १० हेर आहेत. परिषदेने चाचणीच्या अचूकतेविषयी उदार अंदाज धरला आणि दहांपैकी आठ हेर सापडावेत अशा रीतीने निकष ठरवला. तेव्हा त्या आठांबरोबर १,५९८ निरपराध कर्मचारीही नापास होतात. निरपराधांना वाचवण्यासाठी निकष कडक केला तर केवळ ३९ निरपराध अडकतात, परंतु दहांपैकी आठ हेर सहीसलामत सुटतात. जी गोष्ट मुळात विरळ आहे तिचा शोध अशा चाचणीने घेतला की हे संकट अटळ ठरते. सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेतील अधिकारी ऑल्ड्रिच एम्स याचे उदाहरण प्रसिद्धच आहे. सोव्हिएत गुप्तचरांना माहिती विकत असतानाच्या काळात १९८६ आणि १९९१ अशा दोन्ही वर्षी तो पॉलिग्राफ चाचणीत पार पडला आणि १९९४ मध्ये पकडला गेला. त्याच्या पगारात न बसणारा खर्च हा त्याच्याविरुद्धचा एक मोठा धागा होता.

न्यायालयांपुढे हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच आला. १९२३ मधील फ्राय खटल्यात वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने मार्स्टन यांची चाचणी पुरावा म्हणून नाकारली, कारण तिला संबंधित शास्त्रक्षेत्रात सर्वसाधारण मान्यता मिळालेली नव्हती. त्या निकालातील हे तत्त्व पुढे शास्त्रीय पुराव्याच्या कायद्यात दीर्घकाळ मार्गदर्शक राहिले, म्हणून आपल्या अभ्यासासाठी तो निकाल मुळातून वाचावा.

याच यंत्राचा एक वेगळा आणि अधिक सुज्ञ उपयोगही आहे, त्याची नोंद करायला हवी. डेव्हिड लिकन यांनी १९५९ मध्ये असे सुचवले की माणूस खोटे बोलतो का हे शोधण्याऐवजी त्याला गुन्ह्यातील गुप्त तपशील माहीत आहे का हे शोधावे. चोरलेली वस्तू घड्याळ, अंगठी, पेन, पाकीट की चष्मा, असे पाच पर्याय एकेक करून वाचतात. निर्दोष माणसाला पाचही सारखेच असतात, तर ज्याने चोरी केली त्याचे शरीर खऱ्या पर्यायापाशी दाद देते. एका प्रश्नात हे योगायोगाने घडण्याची शक्यता पाचात एक असते, परंतु असे सहा प्रश्न घेतले तर सहाही वेळा योगायोग घडण्याची शक्यता १५,६२५ मध्ये एक इतकी कमी होते. येथे घाबरट असणे हा गुन्हा ठरत नाही, हे मला या पद्धतीचे सर्वांत मोलाचे वैशिष्ट्य वाटते. जपानमधील पोलीस ती नियमितपणे वापरतात. अर्थात, तपशील वृत्तपत्रांत आधीच फुटला असेल तर ती निरुपयोगी ठरते.

प्रश्न : नार्को चाचणीत माणूस खरेच बोलतो, हे खरे आहे का? आणि मेंदूच्या तपासणीचे काय?

सोडियम पेंटोथॉलसारख्या औषधाने माणूस गुंगीत जातो, त्याचा संकोच सैल होतो आणि तो अधिक बोलतो. अधिक बोलणे म्हणजे अधिक खरे बोलणे नव्हे. गुंगीतील माणूस ऐकलेल्या, कल्पिलेल्या आणि भीती वाटलेल्या गोष्टींची सरमिसळ करतो, प्रश्नात दडलेली सूचना उचलून तीच उत्तर म्हणून परत देतो, आणि ज्याला लपवायचेच आहे तो गुंगीतही बरेच काही लपवून ठेवू शकतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या विद्युतलहरींवर आधारित चाचणी या तिन्ही चाचण्या संमतीवाचून करण्यास मनाई केली, ती व्यक्तिस्वातंत्र्य आणि स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नसणे या तत्त्वांवर. शास्त्राच्या दृष्टीनेही तो निर्णय मला योग्यच वाटतो.

मेंदूच्या एफएमआरआय तपासणीत कोणत्या भागाकडे रक्तपुरवठा वाढला हे दिसते. खोटे बोलताना मेंदूच्या पुढील भागांतील हालचाल सरासरीने वाढलेली आढळते, परंतु ती अवघड गणित सोडवताना किंवा मन आवरतानाही वाढते. २०११ मध्ये जॉर्जिओ गॅनिस यांच्या गटाने केलेल्या प्रयोगात प्रयोगशाळेतील अचूकता आधी १०० टक्के होती. सहभागी व्यक्तींना ठरावीक पर्याय दिसताच हाताचे किंवा पायाचे बोट कोणाला दिसणार नाही असे किंचित हलवायला शिकवल्यावर ती ३३ टक्क्यांवर घसरली. कोट्यवधींचे यंत्र पायाच्या बोटाने फसत असेल तर त्याच्या आधारे कोणाला तुरुंगात पाठवणे न्याय्य ठरणार नाही.

प्रश्न : माझा साडेचार वर्षांचा मुलगा आता साळसूदपणे थापा मारतो. मला त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. याची काळजी करावी का?

काळजी करू नये, लक्ष मात्र द्यावे. खोटे बोलण्यासाठी "मला जे माहीत आहे ते आईला माहीत नाही" हे आधी उमगावे लागते, आणि ओठांवर आलेले खरे मागे सारावे लागते. या दोन्ही क्षमता तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान आकाराला येतात. व्हिक्टोरिया तलवार आणि कांग ली यांच्या प्रयोगांत मुलाच्या पाठीमागे खेळणे ठेवून "वळून पाहू नकोस" असे सांगतात आणि खोलीबाहेर जातात. बहुतेक मुले वळून पाहतात, आणि चार वर्षांपुढील बहुसंख्य मुले "नाही पाहिले" असे सांगतात. चित्रीकरण पाहणाऱ्या मोठ्यांना त्यांच्या चेहऱ्यावरून खरे-खोटे सांगता येत नाही, त्यामुळे आपल्याला कळत नाही यात आपले काही चुकत नाही. मात्र लगेच "मग ते खेळणे कोणते असेल बरे?" असे विचारले की लहान मुले निरागसपणे त्याचे नेमके नाव सांगून मोकळी होतात. बोलणे सुसंगत ठेवण्याची कला पुढे सहा-सात वर्षांच्या सुमारास येऊ लागते.

पश्चिम आफ्रिकेतील दोन शाळांच्या अभ्यासात एक गोष्ट आढळली, ती प्रत्येक पालकाने मनावर घ्यावी अशी आहे. जेथे कठोर शारीरिक शिक्षा होत असे त्या शाळेतील मुले अधिक खोटे बोलत होती आणि ते अधिक सफाईने लपवतही होती. मुलाने खरे सांगितल्यावर त्याला मार बसत असेल तर पुढच्या वेळी तो खरे कशाला सांगेल? "खरे सांगितलेस तर मला आवडेल" असे शांतपणे म्हणावे, आणि त्याने सांगितल्यावर तो शब्द पाळावा. सांडलेले दूध डोळ्यांपुढे दिसत असताना "हे कोणी सांडले?" असे विचारून त्याला खोट्याच्या तोंडी देऊ नये, "दूध सांडलंय, चल, दोघं मिळून पुसू या" असे म्हणावे.

प्रश्न : मी एका संस्थेच्या तक्रार निवारण समितीवर आहे. चेहरा वाचू नये, यंत्रावर विसंबू नये, तर आम्ही दोन परस्परविरोधी जबान्यांतून सत्य शोधायचे कसे?

या प्रश्नाला सर्वांत उपयुक्त उत्तर गेल्या दोन-तीन दशकांतील संशोधनाने दिले आहे. लक्ष माणसावरून काढून त्याच्या हकिकतीवर ठेवावे. जो अनुभवलेले सांगतो त्याच्यापाशी तपशिलांचा साठा असतो. जो रचून सांगतो त्याला प्रत्येक तपशील घडवावा लागतो, लक्षात ठेवावा लागतो आणि तो तपासला जाईल ही भीतीही बाळगावी लागते, म्हणून तो थोडक्यात आटोपतो. ब्रूनो फर्शुअर आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली असे दाखवले की लोकांना इतर सगळ्या खुणा विसरून केवळ "हकिकत किती तपशीलवार आहे" एवढेच पाहायला सांगितले, तर त्यांची अचूकता ५९ ते ७९ टक्क्यांपर्यंत जाते. हेही काही निर्णायक नाही, पण ५४ पेक्षा ते नक्कीच बरे आहे.

एक उदाहरण घेऊ. दुपारी कपाटातून एक फाइल गेली आणि एका कर्मचाऱ्याचे म्हणणे आहे की तो तेव्हा बैठकीच्या खोलीत होता. आपल्यापाशी प्रवेशद्वारावरील नोंदवही आहे आणि तीत तो चार वाजता बाहेर पडल्याची नोंद आहे. बहुतेक समित्या ती नोंदवही सुरुवातीलाच त्याच्यापुढे आपटतात. तो दोषी असेल तर तत्क्षणी नोंदीशी जुळणारी गोष्ट रचतो, आणि निर्दोष असेल तर गांगरतो. तसे न करता नोंदवही बाजूला ठेवावी आणि म्हणावे, "जेवणानंतरपासून निघेपर्यंत काय काय झाले ते आपल्या शब्दांत सांगा, घाई नाही." तो बोलत असताना मध्येच तोडू नये. मग सहज विचारावे, "या वेळात कुठे बाहेर जाणे झाले का?" ज्याच्या मनात काही नाही तो बहुधा आपणहून म्हणेल, "हो, चारला औषध आणायला गेलो होतो. नाही, थांबा, आधी झेरॉक्स काढली आणि मग गेलो." ज्याला लपवायचे आहे त्याचा ओढा ते बाहेर जाणे टाळण्याकडे किंवा नाकारण्याकडे असतो. नोंद त्यानंतरच दाखवावी. मारिया हार्टविग आणि सहकाऱ्यांनी स्वीडनमध्ये पोलीस प्रशिक्षणार्थींवर ही पद्धत २००६ मध्ये तपासली. ती शिकलेल्यांचे निर्णय ८५ टक्के वेळा बरोबर आले, तर न शिकलेल्यांचे ५६ टक्के वेळा.

"नाही, थांबा" या शब्दांकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. अशी मध्येच केलेली दुरुस्ती, "हे मला नीट आठवत नाही" अशी कबुली, यांना आपण खोटेपणाची चिन्हे समजतो. डीपॉलो यांच्या संकलनात मात्र ती खोटे बोलणाऱ्यांत कमी आढळली, कारण आपली गोष्ट गुळगुळीत दिसावी अशी त्यांची धडपड असते. दोन जबान्यांत शब्दन्शब्द जुळत असेल तर उलट पढवलेले असण्याचा संशय घ्यावा.

संशयितांनी आधी संगनमत केले असेल अशी शंका असल्यास त्यांना वेगवेगळे बसवून अनपेक्षित प्रश्न विचारावेत. आल्डर्ट व्राय यांच्या एका प्रयोगात, आम्ही एकत्र जेवायला गेलो होतो असा दावा करणाऱ्या जोड्यांना त्या जागेचा आराखडा काढायला सांगितले गेले. काय खाल्ले, काय बोललो हे खोट्या जोड्यांनी आधीच ठरवून ठेवले होते, पण कोण कोणत्या बाजूला बसले होते हे त्यांनी ठरवलेले नव्हते. केवळ चित्रांच्या तुलनेवरून सुमारे ८० टक्के जोड्या ओळखता आल्या. घटनाक्रम शेवटाकडून सुरुवातीकडे सांगायला लावल्यासही रचलेली गोष्ट ढासळण्याची शक्यता वाढते.

एक मर्यादा मात्र सदैव ध्यानात असू द्यावी. अत्याचाराला किंवा अपघाताला सामोरे गेलेल्या माणसाची आठवण तुटक असू शकते, क्रम विस्कटलेला असू शकतो, आणि तो भावनाशून्य आवाजातही बोलू शकतो. अशा तक्रारदाराला उलट क्रमाने सांगायला लावणे हा निव्वळ छळ होईल. त्याच्या हकिकतीतील ज्या गोष्टी बाहेरून पडताळता येतील, म्हणजे वेळ, जागा, फोन, संदेश, तिथे हजर असलेली तिसरी व्यक्ती, त्यांचा शोध घेणे हे समितीचे काम आहे आणि ते समितीनेच करावे.

प्रश्न : आवाजावरून खोटे पकडणारे मोबाइल ॲप विकत घ्यावे का?

घेऊ नये. आवाजातील ताण मोजल्याचा दावा करणाऱ्या, पोलिसांना विकल्या जाणाऱ्या दोन संगणकप्रणाली अमेरिकेतील ओक्लाहोमा येथील तुरुंगात तपासल्या गेल्या. नव्याने अटक झालेल्यांना अलीकडे अमली पदार्थ घेतले का, असे विचारून त्यांची उत्तरे लघवीच्या तपासणीशी ताडून पाहण्यात आली. जे खोटे बोलले त्यांच्यापैकी केवळ १५ टक्के लोकांना या प्रणाली पकडू शकल्या. ब्रिटनच्या सरकारने सरकारी मदतीसाठी अर्ज करणाऱ्यांवर असेच एक तंत्र काही वर्षे वापरून पाहिले आणि २०१० मध्ये सोडून दिले. आपल्याला ज्या व्यक्तीविषयी शंका आहे तिचा आवाज तिच्या नकळत अशा ॲपमध्ये भरला आणि ते तिला कळले, तर ॲपचे उत्तर काहीही असो, त्या नात्यातील विश्वास आपल्या हाताने मोडलेला असेल. शंका आहे ती तिच्याशी समोरासमोर बसून बोलावी.